स्वतःच्याच गावी चोरून गेला आणि तेच त्याच्यावरच्या आरोपपत्रात आलं. कॅप्टन ड्रेफसच्या पासपोर्टची गोष्ट

आल्फ्रेड ड्रेफस हे नाव इतिहासाच्या नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात कधीतरी डोळ्यांखालून गेलेलं असतं. फ्रेंच सैन्यात कॅप्टन होता, ज्यू होता, जर्मनीचा हेर ठरवून त्याला काळ्या पाण्यावर पाठवलं, मग एमिल झोला या लेखकाने राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहिलं आणि सगळा फ्रान्स दोन तटांत विभागला गेला. हे प्रकरण ज्यूद्वेषाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे.

पण १८९४ साली त्याच्यावर जे आरोपपत्र ठेवलं गेलं, त्यात एक मुद्दा असा होता ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. हा कॅप्टन मनात येईल तेव्हा गुपचूप अल्सेसमध्ये जातो आणि जर्मन अधिकारी त्याच्याकडे काणाडोळा करतात, असं तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं. बाकीच्या फ्रेंच अधिकाऱ्यांना तिथे जायची परवानगी मिळवताना नाकी नऊ येतात, मग यालाच कसं जमतं? यामागे काहीतरी कारण असणार, पण तपासाला वेळ कमी मिळाल्यामुळे खोलात जाता आलं नाही, असंही त्याने पुढे जोडलं.

आता अल्सेसमध्ये ड्रेफसचं काय काम होतं? तर तिथे त्याचं घर होतं.

स्वतःच्या घरी जाणं हा संशयाचा मुद्दा कसा झाला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आल्फ्रेडचा जन्म ९ ऑक्टोबर १८५९ चा. गाव म्यूलूझ. हे गाव फ्रान्सच्या पूर्व टोकाला, अल्सेस प्रांतात, स्वित्झर्लंडच्या बाझल शहरापासून जेमतेम ३० किलोमीटरवर आहे. गावाचा इतिहासही गमतीचा. १७९८ पर्यंत ते स्विस संघाशी जोडलेलं एक छोटं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, त्या साली ते फ्रान्समध्ये सामील झालं. पुढे सुती कापडाच्या गिरण्यांसाठी त्याचं नाव झालं. आल्फ्रेडचे वडील राफाएल ड्रेफस यांनी छोट्या व्यापारातून वर येऊन १८६२ मध्ये इथेच स्वतःची सूतगिरणी काढली. आल्फ्रेड भावंडांत सगळ्यात धाकटा. घरातली मोठी पिढी अल्सेसची जर्मन वळणाची बोली बोलायची, धाकट्यांना मात्र फ्रेंचमधून शिकवलं जात होतं.

तो ११ वर्षांचा होण्याआधीच, जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. फ्रान्स सपाटून हरला. १० मे १८७१ रोजी फ्रँकफर्टचा तह झाला आणि अल्सेस, तसंच लॉरेनचा एक मोठा तुकडा, नव्याने तयार झालेल्या जर्मन साम्राज्याला द्यावा लागला. बेल्फोर हे किल्ल्याचं शहर तेवढं फ्रान्सकडे राहिलं. म्यूलूझ जर्मनीत गेलं. या युद्धाचं दुःख हे आपल्या आयुष्यातलं पहिलं दुःख, असं ड्रेफसने पुढे आपल्या आठवणींत नोंदवलं आहे.

जमीन गेली, पण माणसांचं काय? सुमारे १५ लाख लोक राहत होते तिथे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तहाच्या दुसऱ्या कलमात यावर तोडगा होता. त्या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांना फ्रेंच नागरिकत्व ठेवायचं असेल तर १ ऑक्टोबर १८७२ पर्यंत तसं अधिकाऱ्यांसमोर जाहीर करायचं आणि बिऱ्हाड फ्रान्समध्ये हलवायचं. जमीन, घर, कारखाना मात्र तिथे ठेवता येईल, त्यावर जप्ती येणार नाही. काहीच केलं नाही तर तुम्ही जर्मन.

कागदावर हे बरंच उदार वाटतं. खरी मेख बिऱ्हाड हलवण्यात होती. नुसता अर्ज करून घरी बसलेल्यांचा अर्ज जर्मन सरकार रद्दबातल धरणार होतं. आणि १ ऑक्टोबर १८७२ हीच तारीख जर्मनीने तिथे सक्तीची लष्करी सेवा सुरू करण्यासाठी निवडली होती. म्हणजे ज्या घरात वयात आलेला मुलगा होता, तिथे प्रश्न सरळ होता: पोराने कुणाचा गणवेश घालायचा? त्या प्रदेशातल्या सुमारे १ लाख ६१ हजार लोकांनी फ्रान्सचा पर्याय निवडला, म्हणजे दहातल्या एकाने. त्यांतले प्रत्यक्ष निघून गेले ते ५० हजारांच्या आसपास. उरलेले लाखभर लोक मनाने फ्रेंच आणि कागदाने जर्मन होऊन तिथेच राहिले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शेत, दुकान, म्हातारे आईबाप पाठीवर घेऊन कुणाला जाता येतं?

आपल्याकडे याच्या जवळचा प्रसंग गोव्यात घडला. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या मार्चमध्ये जो नागरिकत्वाचा आदेश निघाला, त्यात तिथले मूळ रहिवासी २० डिसेंबर १९६१ पासून आपोआप भारतीय नागरिक मानले गेले. पूर्वीचं नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं होतं. अल्सेसवाल्यांना जवळपास दीड वर्ष मिळालं होतं.

राफाएल ड्रेफस यांनी फ्रान्स निवडला. अल्सेसच्या ज्यूंना नागरिक म्हणून पहिल्यांदा बरोबरीचे हक्क दिले ते १७९१ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीने, आणि अशा घरांमध्ये ती जाणीव पक्की होती. त्यांनी स्वतःचं आणि अज्ञान मुलांचं नागरिकत्व फ्रेंच राखलं आणि कुटुंब आधी बाझलला हललं. पण गिरणीचं काय करणार? ती काही गाडीत घालून नेता येत नाही. म्हणून थोरला मुलगा जॅक म्यूलूझमध्ये राहिला, गिरणी त्याने सांभाळली आणि तो जर्मन नागरिक झाला.

एका बापाची मुलं, एका गिरणीवर जगणारी, पण एक भाऊ जर्मन आणि बाकीचे फ्रेंच. त्या काळी अल्सेसमध्ये अशी विभागणी कितीतरी घरांनी केली. व्यवहार म्हणून ती शहाणपणाची होती. २२ वर्षांनी कुणीतरी ती संशयाने वाचेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नसणार.

आल्फ्रेड पुढे पॅरिसला शिकला. १८७८ मध्ये इकोल पॉलिटेक्निक या नावाजलेल्या संस्थेत त्याला प्रवेश मिळाला आणि तिथून तो तोफखान्यात गेला. श्रीमंत गिरणीवाल्याच्या मुलाने सैन्यात जाण्याची गरज नव्हती. पण गाव हातचं गेल्याची खंत बाळगणाऱ्या त्याच्या पिढीतल्या अनेक अल्सेशियन तरुणांनी हीच वाट धरली होती. १८८९ मध्ये तो कॅप्टन झाला, १८९० मध्ये लूसी हादामारशी त्याचं लग्न झालं. मुलगा पिएर आणि मुलगी जान, असं चौकोनी कुटुंब. स्टाफ कॉलेजात एका परीक्षक जनरलने ज्यू अधिकारी मुख्यालयात नकोत म्हणून त्याला मुद्दाम कमी गुण दिले, तरी तो वरच्या क्रमांकात आला आणि १८९३ मध्ये सेनामुख्यालयात उमेदवारीवर रुजू झाला.

या सगळ्या वर्षांत म्यूलूझची ओढ होतीच. गिरणी तिथे, भाऊ तिथे, पुढे वडीलही तिथेच. सुरुवातीला सरहद्द ओलांडणं तसं अवघड नव्हतं. ते अवघड झालं १८८८ मध्ये.

झालं असं की, १८८७ च्या निवडणुकीत अल्सेस-लॉरेनने जर्मन संसदेतल्या आपल्या सगळ्या १५ जागांवर जर्मनीत विलीन होण्याला विरोध करणारे उमेदवार निवडून दिले. त्यानंतर दोनच महिन्यांत सरहद्दीवर श्नेबेले नावाच्या फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याला जर्मनांनी पकडलं आणि युद्ध होतंय की काय अशी वेळ आली. बिस्मार्कने ठरवलं की अल्सेसची फ्रान्सशी असलेली नाळच तोडायची. मे १८८८ मध्ये हुकूम निघाला: फ्रान्सच्या सरहद्दीवरून येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाकडे पासपोर्ट हवा आणि त्यावर पॅरिसमधल्या जर्मन दूतावासाचा व्हिसा हवा.

आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळच्या पश्चिम युरोपात लोक बऱ्याच ठिकाणी पासपोर्टशिवाय फिरत. आणि हा नियम अनोळखी लोकांना लागला नाही, तो लागला मुख्यतः नातेवाइकांना. आई म्यूलूझला, मुलगा पॅरिसला. आई आजारी पडली तर मुलाने अर्ज करायचा, दूतावासाने तो तपासायचा, आणि अर्जदार फ्रेंच सैन्यात अधिकारी असेल तर बहुतेक वेळा नाही म्हणायचं. १८९१ च्या शरद ऋतूत हा नियम सर्वसामान्य लोकांसाठी उठवला गेला. सैन्यातल्या लोकांना मात्र ती सूट मिळाली नाही.

(गोव्याचे वाचक म्हणतील, आम्हाला हे सांगू नका. १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातली हद्द बंद झाली तेव्हा मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांची अशीच कोंडी झाली होती.)

ड्रेफसने परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मग त्याने तेच केलं जे त्याच्यासारखे लोक करत होते. बिस्मार्कच्या नियमात एक भोक होतं: तो फ्रेंच सरहद्दीवरून येणाऱ्यांसाठी होता. स्वित्झर्लंडहून येणाऱ्यांना ती अट नव्हती. साधे कपडे घालायचे, बाझल गाठायचं आणि तिथून म्यूलूझ. घरच्यांना भेटायचं, फार बाहेर दिसायचं नाही, परत यायचं. डिसेंबर १८९३ मध्ये राफाएल ड्रेफस म्यूलूझलाच वारले. जो माणूस फ्रेंच राहावा म्हणून गाव सोडून गेला होता, त्याने शेवटचा श्वास जर्मन साम्राज्यात घेतला.

पुढची हकिगत बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. सप्टेंबर १८९४ मध्ये पॅरिसच्या जर्मन दूतावासातल्या लष्करी अधिकाऱ्याच्या कचऱ्याच्या टोपलीतून, तिथे साफसफाई करणाऱ्या आणि फ्रेंच गुप्तहेर खात्यासाठी काम करणाऱ्या बाईने एक फाटलेला कागद आणला. त्यात फ्रान्सची काही लष्करी माहिती पुरवल्याची यादी होती. हे लिहिणारा माणूस तोफखान्यातला आणि मुख्यालयात उमेदवारी केलेला असावा, असा तर्क झाला. नावांची यादी बघता बघता ड्रेफसवर बोट थांबलं. हस्ताक्षर साधारण जुळतंय असं काहींना वाटलं, काहींना वाटलं नाही. १५ ऑक्टोबरला त्याला अटक झाली.

आता त्याच्या माहितीचा कागद अधिकाऱ्यांच्या डोळ्यांनी वाचून बघा. जन्म म्यूलूझ, सध्या जर्मनी. थोरला भाऊ जर्मन नागरिक. घरचा पैसा जर्मन हद्दीतल्या गिरणीतून येतो. जर्मन भाषा येते. शिवाय ज्यू. यातली प्रत्येक गोष्ट १८७१ च्या तहातून किंवा जन्मातून आलेली होती, पण संशय घ्यायचा म्हटला तर प्रत्येकीला दुसरा अर्थ लावता येत होता. आणि प्रवासाचं म्हणाल तर तपासात ड्रेफसने स्वतःच खरं ते सांगितलं होतं की आपण लपून घरी जात होतो. जर्मनीने त्याला परवानगी नाकारली म्हणून तो लपून गेला. फ्रान्सने त्याचा अर्थ लावला की जर्मनी त्याला लपून येऊ देते!

मला या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. खोटी कागदपत्रं, गुप्त फाइल हे सगळं दुष्टपणाचं होतंच. पण प्रवासाच्या मुद्द्यात कुणाला काही खोटं रचावंही लागलं नाही. दोन सरकारांच्या नियमांच्या मधे सापडलेला माणूस जे करेल तेच त्याने केलं होतं.

आणखी एक गोष्ट बघा. ज्या गुप्तहेर खात्याने हा खटला उभा केला, त्याचा प्रमुख कर्नल सांडेर हा स्वतः म्यूलूझचा. एकाच गावचे, दोघांचं गाव गेलेलं, दोघे फ्रेंच सैन्यात. या खात्याला जर्मन जाणणारे लोक हवे असत आणि ते अल्सेसमध्येच मिळत. ड्रेफसचे भाऊ मात्यू आणि लेओं गाववाला म्हणून सांडेरला भेटायला गेले. सत्य शोधण्यासाठी आम्ही आमची सगळी संपत्ती पणाला लावू, असं त्यांनी सांगितलं. पुढे या भेटीचा वापर भावांनी लाच देऊ केली असं दाखवण्यासाठी केला गेला.

२२ डिसेंबर १८९४ ला न्यायाधीशांनी एकमताने त्याला दोषी ठरवलं. आरोपीला आणि त्याच्या वकिलाला न दाखवलेली एक फाइल त्यांना आत गुपचूप देण्यात आली होती. ५ जानेवारी १८९५ ला लष्करी अकादमीच्या पटांगणावर त्याच्या गणवेशावरची चिन्हं उपटली गेली, तलवार मोडली गेली, बाहेर गर्दी त्याच्या मरणाच्या घोषणा देत होती आणि तो मी निर्दोष आहे असं ओरडत राहिला.

शिक्षा होती आजन्म हद्दपारीची. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर फ्रेंच गयानाजवळ डेव्हिल्स आयलंड नावाचं बेट आहे, तिथे त्याला ठेवलं. हद्दपार कैद्याच्या बायकोला त्याच्यासोबत जाऊन राहता येईल अशी कायद्यात तरतूद होती. लूसीने पुन्हापुन्हा अर्ज केले. प्रत्येक अर्ज फेटाळला गेला. १८९६ मध्ये तो पळाल्याची खोटी बातमी छापून आली, तेव्हा काही आठवडे त्याला रात्री पलंगाला बेड्यांनी जखडून ठेवलं आणि झोपडीभोवती उंच कुंपण घातलं, म्हणजे समुद्रही दिसू नये.

त्याला सोडवण्याची लढाई मात्यूने लढली. तोही अटकेची बातमी कळली तेव्हा म्यूलूझच्या गिरणीत होता, तिथून तो पॅरिसला आला. आणि या लढाईत पुढे आलेले दोन महत्त्वाचे लोक पुन्हा अल्सेसचेच निघाले. सांडेरच्या जागी आलेला पिकार हा स्ट्रासबुर्गचा. १८९६ मध्ये खरा गुन्हेगार एस्तरहाझी हा अधिकारी आहे, हे त्याने शोधून काढलं आणि त्याबद्दल स्वतःची बदली आणि पुढे तुरुंगवास ओढवून घेतला. सेनेटचे उपाध्यक्ष शरर-केस्टनर म्यूलूझमध्ये जन्मलेले, गेलेल्या अल्सेसचा आवाज म्हणून फ्रान्समध्ये त्यांना मान होता. त्यांनी १८९७ मध्ये ड्रेफसची बाजू उघडपणे घेतली. तेव्हा अल्सेसचा म्हणून गद्दार, हे म्हणणाऱ्यांची जरा पंचाईत झाली असेल.

त्यानंतर १३ जानेवारी १८९८ ला झोलाचं पत्र, ऑगस्टमध्ये बनावट कागद तयार करणाऱ्या लेफ्टनंट कर्नल आँरीची तुरुंगात आत्महत्या, १८९९ मध्ये रेन शहरात फेरखटला. तिथे पुन्हा दोषी, पण शिक्षा दहा वर्षं, आणि दहा दिवसांत राष्ट्राध्यक्षांची माफी. पूर्ण निर्दोष ठरायला १२ जुलै १९०६ उजाडला. त्याला मेजर केलं गेलं, लीजन ऑफ ऑनर मिळालं. पण तुरुंगातली वर्षं सेवेत धरली गेली नाहीत, बरोबरीचे पुढे निघून गेले होते, म्हणून १९०७ मध्ये त्याने निवृत्ती घेतली.

जर्मन राहिलेल्या जॅकचं काय झालं? त्याला मुलगे होते आणि जर्मनीत वाढले तर ते जर्मन सैन्यात जाणार होते. त्याने त्यांना फ्रान्समध्ये शिकवलं आणि १८९७ मध्ये स्वतःही सरहद्दीपलीकडे बेल्फोरला बस्तान हलवलं. ज्या भावाच्या नागरिकत्वाने आल्फ्रेडवर संशय आला, त्याने आपली मुलं फ्रान्सलाच दिली.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ड्रेफस ५४ वर्षांचा होता. तो पुन्हा गणवेश चढवून हजर झाला आणि १९१७ मध्ये शेमँ दे दाम आणि व्हर्दंच्या आघाडीवर होता. मुलगा पिएरही लढला. मात्यूचा मुलगा आणि जावई दोघे या युद्धात मारले गेले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये म्यूलूझ परत फ्रान्सचं झालं. आता नागरिकत्व ठरवायची पाळी फ्रान्सची होती. त्यांनी अल्सेसमधल्या लोकांना चार प्रकारची ओळखपत्रं वाटली: अ, ब, क, ड. ज्याचे आईवडील १८७० पूर्वीच्या फ्रेंच वंशातले, त्याला अ. आईबापांपैकी एक परका असेल तर ब. दोघे दोस्त किंवा तटस्थ देशांतले असतील तर क. आणि दोघेही जर्मन किंवा ऑस्ट्रियन असतील तर ड, मग तुम्ही स्वतः अल्सेसमध्ये जन्मलेले का असेनात. अ वाला हवं तिथे फिरू शकत होता, ड वाल्याला प्रवासाची बंदी होती. मार्कच्या नोटा फ्रँकमध्ये बदलताना दरही कार्ड बघून मिळायचा. हजारो ड वाल्यांना थोडंसं सामान घेऊन ऱ्हाइन नदीवरच्या पुलावरून पलीकडे पाठवण्यात आलं. त्यांच्यात अल्सेसबाहेर कधी न राहिलेली पोरंही होती. फ्रान्सने स्वतः भोगलेलं दुसऱ्याला करून दाखवलं, याहून वेगळं काय म्हणणार?

ड्रेफस १२ जुलै १९३५ ला पॅरिसमध्ये वारला, निर्दोष ठरल्याच्या तारखेलाच. पाच वर्षांनी अल्सेस पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेलं. या वेळी पर्याय वगैरे काही विचारला गेला नाही. लूसी खोट्या नावाने दक्षिण फ्रान्समध्ये ननच्या मठात लपून राहिली. नात मादलेन हिला तुलूझमध्ये पकडलं आणि १९४४ च्या सुरुवातीला ती आउश्विट्झमध्ये मेली. पॅरिसच्या माँपारनास दफनभूमीत आल्फ्रेडचं थडगं आहे. त्याच दगडावर खाली मादलेनचं नाव कोरलेलं आहे.